चार नंबरची जोडी

ताईच्या दोन्ही पावलांवर, बोटांच्या मुळाशी आणि घोट्याच्या जरासे खाली, गडद तपकिरी रंगाचे दोन-दोन वळ असत. लोखंडी स्केट्सचे चामडी पट्टे रोज संध्याकाळी त्याच जागी करकचून आवळले जात, त्यामुळे तिथली कातडी राठ होऊन वापरलेल्या पाकिटाच्या कडेसारखी चमकू लागली होती. रविवारी न्हाणं झालं की आई मागच्या अंगणात, पेरूच्या सावलीत बसून तिच्या पायांना खोबरेल तेल चोळायची आणि दर वेळी म्हणायची, "पोरीचे पाय आहेत हे, का बैलाचे खूर व माय!" ताई हसायची. तिला त्या वळांचा अभिमान होता. शाळेचे काळे बूट काढताना ती मोजा उगाचच सावकाश ओढत राही… कुणीतरी ते वळ पाहावेत म्हणून. माझे पाय मऊ होते, बिनखुणेचे होते, आणि अकराव्या वर्षी मला त्यांची शरम वाटत असे.

तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती. छत्तीसगड वेगळं व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती. घरांना नावं नव्हती, रस्त्यांना नावं नव्हती, सगळं काही क्रमांकांनी ओळखलं जाई — सेक्टर, सडक, क्वार्टर. आमचं बालपण लाल धुळीत गेलं. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांच्या घडीत ती सापडे, तुळशीच्या पानांवर बसे, उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या वाळ्यावर थिजून राही. पोलाद कारखान्याच्या भोंग्यावर आया कुकर चढवत, आणि संध्याकाळी दूर कुठेतरी लोखंडाची वितळलेली मळी ओतली गेली की आभाळाचा एक कोपरा तांब्याच्या परातीसारखा एकाएकी उजळून निघे. शाळेत हिंदी, मैदानावर हिंदी. मराठी फक्त उंबऱ्याच्या आत, आणि तीही वर्ध्याकडची, आईबाबांनी गाठोड्यात बांधून आणलेली. बाबा रेल मिलमध्ये होते. सुरुवातीची नऊ वर्षं त्यांनी तापलेल्या रुळांच्या शेजारी उभं राहून काढली, मग स्टोअरमध्ये कारकून झाले. त्या नऊ वर्षांनी त्यांना एक मोठी गोष्ट दिली होती — पायांचं दुखणं. सेफ्टी बूट त्यांच्या मापाचे कधी मिळाले नाहीत. एक नंबर लहान बुटांतच ते आठ-आठ तास उभे राहिले. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांची नखं गेली होती, करंगळ्या शेजारच्या बोटांखाली कायमच्या दडल्या होत्या. घरी आले की ते आधी मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसत आणि डोळे मिटून घेत. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हे आम्हाला सांगावं लागत नसे.

लोखंडी स्केट्स आमच्याकडे शेजारच्या बॅनर्जी काकांकडून आले. बदली होऊन जाताना त्यांनी सामान आवरलं, त्यात हे सापडले. दोन लोखंडी पट्ट्या, मधे एक नट. पान्यानं नट सैल केला की पट्ट्या एकमेकींवरून सरकत आणि स्केट हवा तेवढा लांब किंवा आखूड होई. एक जोडी, दोन बहिणी. ताईनं आईच्या कुंकवानं त्या पट्टीवर दोन रेघा मारल्या — पुढची तिची, मागची माझी. कुंकू पुसलं जाई, ती पुन्हा मारी. पहिला अर्धा तास मला, मग अंधार पडेपर्यंत तिला. चाकांतल्या छऱ्यांना शिवणाच्या मशीनचं तेल लागे. पट्टे मऊ राहावेत म्हणून ती त्यांना खोबरेल चोळी, आणि त्यामुळे आमच्या स्केट्सना तेल, लोखंड आणि घाम यांचा एक संमिश्र, जरासा खवट वास येई. तो वास म्हणजे हिवाळ्याची संध्याकाळ… अजूनही.

सिव्हिक सेंटरच्या बाजूला सिमेंटचं एक रिंगण होतं, भोवती पाइपचा कठडा. तिथे थॉमस सर मुलामुलींना चाकांवरची हॉकी शिकवत. ते मूळचे केरळचे, शाळेत पी.टी. घेत, आणि संध्याकाळी ह्या खेळासाठी स्वखुशीनं येत. हा खेळ मुळात बर्फावरचा, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. एकदा कारखान्यात आलेल्या रशियन पाहुण्यांच्या निमित्तानं क्लबात एक माहितीपट दाखवला होता — शिरस्त्राणं घातलेली धिप्पाड माणसं पांढऱ्या शुभ्र जमिनीवरून वाऱ्यासारखी सरकत होती, वळताना त्यांच्या पायांखालून बर्फाचा भुगा फवाऱ्यासारखा उडत होता. आम्ही बर्फ पाहिलेला होता तो पावर हाउसच्या बाजारातल्या रसवंतीत, लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लाद्यांचा. पण दुसऱ्या संध्याकाळी ताईनं रिंगणात उतरून तसं वळण घ्यायचा प्रयत्न केला, पडली, कोपर सोलून घेतलं, पुन्हा केला. महिनाभरात ती तशी वळू लागली. ती वळताना लोखंडी चाकं सिमेंटवर किंचाळत आणि कधी कधी बारीक ठिणग्या उडत… आणि कठड्यापाशी उभी असलेली माणसं बोलायची थांबत. चौदा वर्षांची, काटकुळी, दोन वेण्या रिबिनीनं वर बांधलेली माझी बहीण त्या क्षणी कुणाचीच नसे. आईची नाही, बाबांची नाही, माझी तर नाहीच.

मी बरी खेळत असे. बरी म्हणजे बरी.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. डिसेंबरच्या सुरुवातीला सरांनी सांगितलं की जानेवारीत भोपाळला मुलींच्या स्पर्धा आहेत, पंधरा वर्षांखालच्या. आठ जणींचा संघ न्यायचा आहे. नंदा — म्हणजे ताई — त्यात आहेच, तिच्याभोवतीच संघ उभा आहे. बाकीच्यांत माझंही नाव येऊ शकेल. "लेकिन एक बात," ते म्हणाले, "लोहे वाले स्केट वहाँ नहीं चलेंगे. जूते वाले चाहिए. इस इतवार के बाद प्रैक्टिस भी उसी में होगी."

बुटाचे स्केट्स. म्हणजे घोट्यापर्यंत येणारा चामडी बूट आणि त्याच्या तळाला कायमची बसवलेली चाकं. आमच्या रिंगणात ते चार-पाच जणींकडे होते, सगळ्या अधिकाऱ्यांच्या मुली.

बाबा चार दिवस पैशांचा हिशेब करत होते. पाचव्या दिवशी जेवताना, भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "एक जोडी घेऊ. दोघी मिळून घाला, जशे हे घालता तशे."

ताई हळूच म्हणाली, "बाबा, बूट लांब-आखूड होत नाहीत."

बाबांचा हात थांबला. आईनं कढी वाढली. कढी संपण्याआधीच सगळं ठरून गेलं होतं. ताई पुढच्या पावसाळ्यात पंधरा पूर्ण करणार होती. तिच्यासाठी हे शेवटचं वर्ष. माझ्यापुढे तीन वर्षं पडली होती. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "मंगे, तू पुढच्या वर्षी जाजो." मी मान हलवली. शहाण्या मुलीसारखी हलवली. मग मोरीवर जाऊन हात धुताना मी नळ इतका जोरात सोडला की माझ्या फ्रॉकचा पुढचा भाग भिजला… आणि मी तशीच उभी राहिले. आत काय जळत होतं ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. आज कळतं. मला भोपाळला जायचं होतं असं नाही. ताईनं जाऊ नये, असंही नाही. मला ते बूट हवे होते, एवढंच. कुंकवाच्या मागच्या रेघेवर राहून राहून मी दमले होते.

रविवारी सकाळी बाबांच्या स्कूटरवरून आम्ही पावर हाउसला गेलो — मी पुढे उभी, ताई मागे. बाजारात नुकती दुकानं उघडत होती. गुळाच्या ढेपा, गोणपाटं, ओली कोथिंबीर, कढईतलं काल रात्रीचं तेल… सगळ्या वासांवर रेल्वेच्या कोळशाच्या धुराची एक पातळ साय. खेळाच्या सामानाचं दुकान अरुंद आणि लांब होतं. आत शिरताच चामड्याचा, रबराचा आणि मैदान आखायच्या पांढऱ्या रंगाच्या डब्यांचा थंड वास आला. वरून बॅडमिंटनच्या रॅकेटी टांगलेल्या, भिंतीशी हॉकीच्या काठ्या पावसाळी छत्र्यांसारख्या उभ्या. दुकानदार उंच, पांढऱ्या मिशांचे, बोलायला गोड. बाबांनी काय हवं ते सांगितलं तसे ते शिडीवर चढले आणि वरच्या फळीवरून एक खोका काढून, फुंकर मारून, काउंटरवर ठेवला.

"लड़कियों के नाप में एक ही जोड़ी बची है. चार नंबर. बाकी माल होली के बाद आएगा."

त्यांनी झाकण उघडलं. पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळलेले काळे बूट. चाकं लाल. लेसच्या टोकांना पितळी टोप्या. ताईनं हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला, देवाच्या मूर्तीला हात लावायला भ्यावं तसा. मग तिनं एक बूट उचलून चाकाला बोटानं फिरकी दिली. ते फिरत राहिलं… फिरतच राहिलं, किती तरी वेळ, कसलाही आवाज न करता.

ताईचा नंबर पाच होता. माझा तीन.

ती बाकावर बसली. पाय आत घालताना तिनं श्वास रोखला, ते मला दिसलं. टाच बसेना, तिनं बाकाची कड धरून दाब दिला, आणि ती बसली. दुसराही घातला. उभी राहिली. एक हात काउंटरवर, बोटांची पेरं पांढरी पडलेली. तिचा चेहरा मात्र हसरा होता — फोटो काढताना सांगितल्यासारखा.

"लागते का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"खरं सांग, नंदे."

"नाही लागत, बाबा. बरोब्बर आहे."

"चमड़ा है भाईसाहब," दुकानदार म्हणाले, "दस-पंद्रह दिन में छोड़ देगा. और स्केट तो तंग ही पहनते हैं."

बाबा वाकले. बुटाच्या टोकाशी अंगठा दाबून पाहिला. चामडं जाड होतं, त्यांना काही कळलं नाही. ते तसेच वाकलेले असताना ताईनं माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. चौदा वर्षांच्या मुलीच्या नजरेत मावलेली तेवढी विनवणी मी त्यानंतर कधी कुणाच्या डोळ्यांत पाहिलेली नाही.

आणि मी म्हणाले, "बाबा, ताई खोटं बोलून राहिली. तिनं आत बोटं मुडपली आहेत."

मी ओरडले नाही. रागानं बोलले नाही. अगदी साध्या, निरागस स्वरात बोलले, जणू कुणाच्या पाठीवर पान पडलंय हे सांगावं. तो स्वर मला अजून ऐकू येतो, आणि त्याच्या निरागसपणाचीच मला सगळ्यात जास्त किळस येते.

बाबा खाली जमिनीवर बसले. त्यांनी स्वतःच्या हातानं लेस सोडल्या, बूट काढला, मोजा काढला. ताईची बोटं एकमेकांवर चढून बसलेली, टोकं पांढरी फटक, सांध्यांवर लाल ठिपके. बाबांनी ती बोटं हातात धरली. मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले नाहीत.

"मह्या पायाची काय गत झाली ते रोज पाहते ना तू?" ते म्हणाले. "मले तरी पोटासाठी घालणं होतं. तुले कावून पाहिजे ही शिक्षा?"

"बाबा, ढिले होतील ते. सेठजी सांगून राहिले ना…"

"मले बी हेच सांगितलं होतं स्टोअरवाल्यानं."

बाबांनी बूट काउंटरवर ठेवला. क्षणभर वाटलं, आता आम्ही रिकाम्या हातांनी परत जाणार. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"तू घालून पाह्य."

मी बाकावर बसले. माझा पाय आत सहज गेला — फार सहज. टाचेमागे बोटभर जागा उरली. पाय उचलला तर बूट खाली राहू पाहत होता. बाबांनी विचारलं, "बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या बुटाचं टोक दाबून पाहिलं नाही. मी खरं बोलणारी होते ना, आत्ताच सिद्ध झालं होतं. ताई मात्र शेजारीच उभी होती, अनवाणी, एक मोजा हातात. बूट ढिले आहेत हे तिला माझ्या पहिल्या पावलातच कळलं असणार; स्केट्समधलं तिला न कळण्यासारखं काही नव्हतं. एक शब्द बोलली असती तर खेळ तिथेच संपला असता. ती बोलली नाही. ती माझ्यासमोर बसली, लेस ओढून ओढून घट्ट केल्या, दुहेरी गाठ मारली. गाठ मारून झाल्यावरही जरा वेळ तशीच बसून राहिली. मग उठली.

घरी आल्यावर बाबांनी आईला सगळं सांगितलं. "मोठीनं पाय मोडून घेतले असते जी," ते म्हणाले, "लहानी खरं बोलली म्हणून वाचलो." आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी खोका उशाशी घेतला.

पुढच्या आठवड्यात थॉमस सर घरी आले. पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून ते बाबांना म्हणाले की नंदाशिवाय संघाला अर्थ नाही. तेच बूट तिनं सामन्यापुरते घातले तरी चालेल, स्केट्स घट्टच घालायचे असतात, महिन्याभरात चामडं पाय ओळखू लागतं. बाबांनी हात जोडले. पोरीच्या पायांचा प्रश्न आहे, म्हणाले. सर माझ्याकडे वळून पाहू लागले. मी वहीत डोकं घातलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, सपाट, कोरडा — "सर, मुझे नहीं खेलना अब. मेरी पढ़ाई है."

सरांनी पाणी न पिता ग्लास खाली ठेवला.

त्या दिवसानंतर ती रिंगणाकडे फिरकली नाही. संध्याकाळी ती आईबरोबर भाजी निवडत बसे. तिच्या पावलांवरचे वळ त्या हिवाळ्यात हळूहळू फिके होत गेले, आणि उन्हाळ्यापर्यंत तिचेही पाय माझ्यासारखेच झाले.

भोपाळला मी बुटांच्या टोकांत कापूस कोंबून खेळले. खेळले असं म्हणायचं — पहिल्या सामन्यात सरांनी मला थोडा वेळ आत सोडलं. वळताना माझी टाच बुटातून वर आली, मी पडले, चेंडू माझ्या हाताखालून निसटला आणि समोरच्या मुलींनी गोल केला. सरांनी मला बाहेर बोलावलं. ते रागावले नाहीत. नुसतं खांद्यावर थोपटलं, आणि त्यांची नजर माझ्यावरून पुढे, जिथे कुणीच उभं नव्हतं अशा एका जागेवर गेली. आम्ही तो सामना हरलो. प्रमाणपत्रं सगळ्यांना मिळाली.

एक गोष्ट सांगायला हवी. तिथली जमीन आमच्यासारखी सिमेंटची नव्हती. गुळगुळीत, घोटलेली, फिकट पांढुरकी होती. सकाळच्या उन्हात ती ओली असल्यासारखी चमकत होती. चाकांचा आवाजच येत नव्हता. पहिल्यांदा तिच्यावर पाय ठेवला तेव्हा माझ्या मनात आलं — हा बर्फ आहे. ताईचा बर्फ.

परत आले तेव्हा ताईनं हरल्या-जिंकल्याचं काहीच विचारलं नाही. माझी बॅग रिकामी करता करता, पाठ फिरवून, तिनं एवढंच विचारलं, "जमीन कशी होती व तिथली?"

"आपल्यासारखीच," मी म्हणाले. "खडबडीत. सिमेंटची."

"अच्छा," ती म्हणाली.

मी तिला दुःख नको म्हणून खोटं बोलले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे तिनं त्या जमिनीवर मनातल्या मनातसुद्धा स्केटिंग करू नये, असं मला वाटलं होतं. ती माझ्यापेक्षा चांगलं करत बसली असती.

दीड वर्षात मी खेळ सोडला. चामडं इतकं सैलावलं होतं की ते बूट ताईच्या पायांत आता आरामात बसले असते. पण तोवर तिचं वय गेलं होतं, आणि तिला कुणी विचारलंही नाही. ते पुढे कुणाला देऊन टाकले तेही मला आठवत नाही. कागद मात्र टिकला. बारावीनंतर रायपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या अर्जात खेळाडूंसाठी एक रकाना होता. माझे गुण जरा कमी पडत होते. भोपाळचं प्रमाणपत्र जोडलं आणि मला जागा मिळाली. ताईनं बी.ए. केलं, घरी बसून, बाहेरून परीक्षा देऊन. मग दुर्गला रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका सज्जन माणसाशी तिचं लग्न झालं. ती दुःखी नव्हती. असं मी म्हणते आहे, कारण तिनं कधी तसं सांगितलं नाही… आणि मी कधी विचारलं नाही.

दुकानातली ती सकाळ मात्र आमच्या घरात मेली नाही. बाबांनी तिला जिवंत ठेवलं. पाहुणे आले, माझ्या नोकरीचा विषय निघाला, की बाबा खुर्चीत पुढे सरकून सुरुवात करत — "हे पोट्टी लहानपणापासून खरं बोलणारी. अकरा वर्षांची होती…" मग पावर हाउसचं दुकान, काळे बूट, मुडपलेली बोटं. सांगताना ते ताईच्या खोट्यावर प्रेमानं हसत, माझ्या खऱ्यावर त्यांचा ऊर भरून येई. माझ्या साखरपुड्यात त्यांनी हे सांगितलं. ताईच्या मुलाच्या बारशातही सांगितलं. ताई त्या वेळी तिथेच असे, बहुधा चहाचा ट्रे हातात. ती ट्रे फिरवत राही. एकदाही कप हिंदकळला नाही.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं आणि बाबांनी दुर्गला ताईच्या घराशेजारी दोन खोल्या बांधल्या. आई तिथेच वारली. बाबांना अखेरच्या वर्षांत चालवेना. ताई सकाळ-संध्याकाळ येऊन त्यांचं सगळं करी, त्यांचे वाकडे पाय कोमट पाण्यात धुऊन देई. मी पुण्याहून वर्षातून एकदा जाई, मिठाईचा खोका घेऊन, पाहुण्यासारखी.

एका जानेवारीत दुपारी आम्ही अंगणात उन्हाला बसलो होतो. ताई तुरीच्या शेंगा सोलत होती; सोल्यांच्या भाजीचा बेत होता. शेजारच्यांचे जावई बाबांना भेटायला आले होते. बाबांनी माझी ओळख करून दिली, आणि मी ओळखलं, आता सुरू होणार. "अकरा वर्षांची होती…" त्यांचा आवाज थरथरत होता, दात नव्हते, पण एक तपशील चुकला नाही. संपलं तेव्हा जावई कौतुकानं माझ्याकडे पाहू लागले. आणि मला एकाएकी ते असह्य झालं.

"बाबा," मी म्हणाले, "मी खरं बोलाचं म्हणून नव्हती बोलली. मले ते बूट पाहिजे होते. म्हणून सांगितलं मी ताईचं. आणि मले ते ढिले होते. तुम्ही विचारलं तवा मी खोटं बोलली."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या निस्तेज डोळ्यांत पाणी आलं, आणि मग सगळा चेहरा हसला.

"पाहा!" ते जावयांकडे वळून म्हणाले. "पाहा बापा! इतक्या वर्षांनं बी खोटं पचत नाही पोरीले. सांगितलं नव्हतं मी?"

जावई हसले. ताईनं शेंग सोलली, दाणे परातीत टाकले, पुढची घेतली.

संध्याकाळी मला स्टेशनवर जायचं होतं. ऑटो दारात उभा होता. ताई फाटकापर्यंत आली, हातात माझ्यासाठी बांधलेला डबा. तो देता देता म्हणाली, "बाबाले सांगून काय झालं?"

मी डबा पिशवीत ठेवला.

"त्यायले तर तू तेव्हाही खरीच वाटत होती, आताही वाटते. मले सांगाचं होतं."

"ताई, तुले तर माहीतच होतं सगळं."

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून काय सांगाचं नसते? वाट पाह्यली मी. दुकानात बी पाह्यली, घरी बी."

मी तोंड उघडलं. ऑटोवाल्यानं हॉर्न दिला, "चलो मैडम, गाड़ी निकल जाएगी." आणि मी ऑटोत बसले. गाडीला अजून तासभर अवकाश होता. ते मला ठाऊक होतं, तिलाही होतं.

त्याच वर्षी बाबा गेले. तेरा दिवस आम्ही दोघी एका खोलीत निजलो, सामान आवरलं, कागद लावले, एकमेकींना जेवायला वाढलं. बोलायला वेळच वेळ होता.

आता दर रविवारी सकाळी मी तिला फोन करते. तिचे गुडघे, नळाचं पाणी, सुनेची बदली, भाज्यांचे भाव… सगळं बोलून होतं. मग कधी कधी बोलणं संपतं आणि दोघींपैकी कुणीच फोन ठेवत नाही. पलीकडून तिच्या घरातला पंखा ऐकू येतो. ती घाई करत नाही.

"बोल," ती म्हणते.

"बी.पी.ची गोळी घेतली का?" मी विचारते.

"घेतली," ती म्हणते.